पुलाची बातमी

२९ जानेवारी

सकाळी ब्रिस्बेनहून टेगनचा फोन. म्हणाली, "बाबा, तुझा ब्लॉग उघडला की दातांच्या डॉक्टरकडे पडलेली जुनी मासिकं आठवतात." एकुलती एक मुलगी आहे आणि जाहिरातीच्या धंद्यात आहे, म्हणून ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर फोन आपटला असता.

तिचं म्हणणं असं, की पेपरबार्क, म्हणजे मी ब्लॉग लिहितो ती साइट, आता म्हाताऱ्यांचं ठिकाण झालं. तिथे लिहायचं आणि कुणीतरी येऊन वाचेल म्हणून वाट बघत बसायचं. आता सगळे लाउडहेल नावाच्या नव्या साइटवर जातात. तिथे लिहिलेलं वाचकाच्या इमेलमध्ये आपण होऊन जाऊन पडतं, आणि कुणाला पोहोचलं ते लेखकाला दिसतं.

"तुला वाचतात किती जण, हे तरी ठाऊक आहे का तुला?"

"पूर आला की सगळे."

"आणि पूर नसला की?"

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. असली रडगाणी ब्लॉगवर लिहिता येत नाहीत, म्हणून ही वही काढली. ग्लेनिसने विचारलं, "काय खरडतोयस?" म्हटलं, हिशेब. बायकोशी खोटं बोलायचा चाळीस वर्षांचा सराव आहे, तरी तिला कळलंच.

२ फेब्रुवारी

निर्णय होत नाही. पेपरबार्कवर 'पुलाची बातमी' लिहायला लागलो ते दूधगाडी चालवायची सोडल्यावर. रोज उजाडताना टॅलबिनच्या पुलावर जायचं, खांबावर रंगवलेल्या पट्टीवर पाणी किती ते बघायचं आणि आकडा हलला असला की घरी येऊन लिहायचं. खाली थोड्या गावगप्पा. रेडिओवाले सांगतात ते खालच्या शहरातलं पाणी. ते तिथे पोहोचेपर्यंत आमच्या खोऱ्यातल्या गाई पोहायला लागलेल्या असतात. म्हणून नदीकाठच्या सपाटीवरची घरं माझ्या आकड्यावर चालतात. आकडा हलला नाही तर मी लिहीत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. ऑब्री गप्प म्हणजे नदी गप्प.

सगळ्यात खालचं घर एनिडमावशीचं. सख्खी मावशी नव्हे. मी लहान असताना आई गोठ्यात असली की तीच मला सांभाळायची, तेव्हापासून मावशी. आता ऐंशी उलटली, तरी मेंढ्या, कोंबड्या आणि तोंड, तिन्ही सांभाळून आहे. तिच्या अंगणात पाणी दोन वाटांनी येतं. जोराचा पाऊस झाला की मागचा नाला फुगतो, पहिल्या पायरीला लागतो आणि दुपारपर्यंत निघून जातो. त्याला ती भीक घालत नाही. नदी आली तर मात्र मावशी घरात थांबत नाही. दिसायला दोन्ही पाणी सारखंच तपकिरी. कुठलं आलंय हे पुलाच्या आकड्यावरूनच कळतं, आणि तो तिला माझ्या पानावर मिळतो. तिच्याकडे मोबाइल लागत नाही, पण छतावरच्या सॅटेलाइट तबकडीमुळे टॅबलेटवर इंटरनेट चालतं. माझ्या प्रत्येक लेखाखाली पहिली प्रतिक्रिया तिचीच. बहुतेक वेळा चूक काढलेली.

३ फेब्रुवारी

तिला विचारलं. भोपळ्याचे स्कोन, ते छोटे गोडसर पाव, ग्लेनिसने पाठवले होते, तेवढं निमित्त.

"आहे त्या घराला काय झालंय?" मावशी म्हणाली.

"जुनं झालंय."

"मीही जुनी झालेय. मला कुठे हलवतोस?"

"अगं, तिथे तुला यायलाच नको. बातमीच तुझ्याकडे येईल."

"मला आवडतं यायला. येते, बघते, तुझे शिव्या खाण्यासारखे विनोद वाचते, जाते. आणि पाणी वाढलं की सगळे 'कळलं' लिहितात ना, ते? ते कुठे लिहायचं?"

हा आमचा जुना शिरस्ता. पुलावर तीन मीटर ओलांडले की सपाटीवरच्या प्रत्येक घराने लेखाखाली 'कळलं' लिहायचं. ज्याचं आलं नाही त्याला मी फोन करतो, फोन लागला नाही तर गाडी काढतो. मी म्हटलं, तिथेही लिहिता येईल, फक्त एकदा खातं उघडून पासवर्ड घ्यावा लागतो. ती स्कोन चावत माझ्याकडे नुसती बघत राहिली. त्या बघण्याचा मला राग आला. घरी येताना ठरवलं, हलायचंच. ऐंशीच्या बाईला विचारून मी माझं लिखाण कुठे ठेवायचं ते ठरवणार की काय!

११ फेब्रुवारी

काल पेपरबार्कवर शेवटचं लिहिलं: पूल सव्वा मीटर. नदी शांत, निवांत राहा.

आज टेगन फोनवर बसली आणि मी इथे. सगळे जुने लेख आणि वाचकांचे इमेल-पत्ते उचलून नव्या जागी नेले. बटण दाबलं की एकेक वर्ष सरकत जातं, घर बदलताना सामान जातं तसं. टेगन म्हणाली, पेपरबार्ककडून तुला येणाऱ्या 'नवी प्रतिक्रिया आली' अशा सूचना बंद करून टाक, दोन्हीकडून यायला लागल्या तर गोंधळ होईल. बंद केल्या. जुन्या पानावर निरोपाचा लेख टाकायचाय, 'आम्ही इकडे गेलो' म्हणून. पण एवढ्या वर्षांचा निरोप, तो दोन ओळींत कसा उरकायचा? चांगला लिहिणार आहे. सुरुवात झाली आहे, शेवट जमत नाही.

लाउडहेल खरंच देखणं आहे. प्रत्येक वाचकाच्या नावापुढे हिरवी खूण उमटते, पोहोचलं म्हणून. उघडलं तर दुसरी खूण. दुसरीचं टेगन म्हणाली की तिच्यावर फारसं जाऊ नकोस, कित्येकांची इमेल ती लपवते. पहिली मात्र पक्की.

१२ फेब्रुवारी

शरमेने मान खाली. लाउडहेलला वाटलं की ते सगळे जुने लेख मी आजच लिहिलेत. प्रत्येक लेख प्रत्येक वाचकाला इमेलने गेला. नोएलीनच्या दुकानात पाय ठेवला तर ती काउंटरमागून ओरडली, "ऑब्री, माझ्याकडे तुझ्या कुत्र्याच्या ऑपरेशनची बातमी आली! ते मेलं त्याला किती वर्षं झाली रे?" सगळे हसले. मीही हसलो.

वाईट एवढंच की त्यांत पुराच्या बातम्याही होत्या. 'पूल पाण्याखाली, जनावरं वर न्या.' लोकांनी बाहेर ऊन बघितलं आणि इमेल पुसून टाकल्या. एनिडमावशीने मात्र बाहेर बघितलं नाही, माझा शब्द बघितला. भर उन्हात एकटीने सगळ्या मेंढ्या टेकडीवर चढवल्या आणि उतरताना पाय मुरगळून घेतला.

१३ फेब्रुवारी

नोएलीनच्या दुकानात सगळ्यांसमोर मावशीने मला सोलून काढलं. काठी टेकत आली होती, कुणीतरी गाडीतून आणलेली.

"तुझ्या त्या नव्या भोंग्यातलं मला काही नको," म्हणाली. "ढगाचा पत्ता नाही आणि हा म्हणतो पूल बुडाला! तुझी आई असती तर कान उपटला असता तुझा."

"मावशी, ती जुनी तारीख होती, वर लिहिलं होतं."

"पाणी येतंय असं वाचल्यावर तारीख कोण बघतं रे?"

मी चिडून चुकीचं बोललो. म्हटलं, "मग नको वाचूस." ती म्हणाली, "बरं." आणि पाव घेऊन निघून गेली. ग्लेनिस म्हणते, जाऊन माफी माग. मागेन. पण चार लोकांत तिने असं बोलायला नको होतं.

१७ फेब्रुवारी

वाचक वाढताहेत. खालच्या शहरातली माणसंही आली, एक तर न्यूझीलंडची. मी पुलावरच्या पाणकोंबड्यांवर लिहिलेलं कुणीतरी पुढे पाठवलं म्हणे. टेगनचा फोन आला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

प्रतिक्रिया मात्र कमी झाल्या. आमच्या लोकांना ते खातं उघडणं जमत नाही. जमेल हळूहळू. नाहीतरी 'कळलं'ची आता काय गरज? खूण आहेच. मावशीच्या नावापुढेही दर लेखाला हिरवी खूण येते. म्हणजे 'नको' म्हणाली तरी घेतेय. हट्टी बाई. दुसरी खूण कधी दिसत नाही, ती लपवणाऱ्यांतली असणार.

निरोपाचा लेख अजून अर्धाच. रविवारी बसतो.

२० फेब्रुवारी

हवा विचित्र आहे. वारा नाही, माश्या घरात शिरल्यात, मुंग्या अंडी घेऊन पोस्टाच्या पेटीत चढल्यात. डोंगरावर दुपारपासून काळं साचलंय आणि हलत नाही. ग्लेनिसने न बोलता मेणबत्त्या काढून ठेवल्या. मी पुलावर गेलो तर पाणी आहे तिथेच, पण आवाज बदललेला. कसा ते सांगता येत नाही. तिथे उभं राहवेना.

२१ फेब्रुवारी

रात्रीपासून कोसळतोय. सकाळी पूल दोन मीटर, दुपारी अडीच. दोन्ही वेळा लिहिलं, सगळ्यांच्या नावापुढे खुणा आल्या. एवढ्या लोकांना एका बटणात सावध केलं याचं समाधान वाटलं. पूर्वी दिवसभर फोन कानाला लावून बसायचो.

रविवार काही निरोपाच्या लेखाला मिळत नाही आता.

संध्याकाळी ग्लेनिस म्हणाली, "एनिडला फोन लाव."

"खूण आलीय तिची."

"खूण बोलते का तुझ्याशी?"

"ती रुसलीय, ग्लेनिस. मी फोन केला तर म्हणेल, आला का शेपूट घालून. तिला बातमी पोहोचलीय. तिला नदी माझ्यापेक्षा जास्त कळते."

ग्लेनिसने स्वतः फोन लावला. नुसती घंटा वाजत राहिली. "कोंबड्या आत घेत असेल," मी म्हटलं. पुन्हा लावला तेव्हा लाइनच मेलेली होती.

२२ फेब्रुवारी

पूल साडेचार आणि चढतंय. पहाटेच लिहिलं: सपाटीवरच्यांनी आत्ताच्या आत्ता घर सोडा. खुणा भराभर आल्या, हिरव्यागार, वरपासून खालपर्यंत. रांगेत मावशीचंही नाव. मला हायसं वाटलं.

माणसं शाळेच्या हॉलमध्ये यायला लागली. ओली, चिखलाने भरलेली, कुत्री-मांजरं काखोटीला मारून. आली की माझ्या पाठीवर थाप मारायची, "तुझी बातमी आली म्हणून निघालो, दोस्ता." मी दारातच उभा होतो. दर वेळी दार उघडलं की मान वर करायचो.

दुपारी आपत्कालीन पथकाच्या ट्रेंटला विचारलं, एनिड केनिसन दिसली का? तो म्हणाला, "तिच्या रस्त्यावर आता होडीच जाईल, आणि होडी वरच्या अंगाला अडकलीय. तिला कळवलं होतं ना?" मी त्याला मोबाइलवर खूण दाखवली. त्याने बघितलं आणि म्हणाला, "मग ती कालच टेकडीपलीकडे कुणाकडे गेली असेल." मी हो म्हटलं.

आता वीज गेली आहे. मेणबत्तीवर लिहितोय. ग्लेनिस माझ्याशी बोलत नाही.

२५ फेब्रुवारी

मावशी काल सापडली. स्वयंपाकघरात, माळ्याच्या शिडीखाली. पाणी छपरापर्यंत गेलं होतं. ट्रेंट सांगायला घरी आला, बूटही न काढता उंबऱ्यावरच उभा राहिला. म्हणाला, तिने शिडी लावली होती, पण त्या पायाने चढता आलं नसावं. मेंढ्या खालच्याच कुरणात होत्या. वर नेल्याच नव्हत्या.

हे मला समजत नाही. बातमी पोहोचली होती. आदल्या दिवशी अडीच मीटर वाचलं तेव्हाच तिने मेंढ्या हलवायला हव्या होत्या. माझ्यावरच्या रागाने हलली नाही का? एवढा राग? मला तिचा रागच आला, आणि मग मी न्हाणीघरात जाऊन रडलो.

२ मार्च

दफन झालं. मेथडिस्ट चर्चमध्ये अजून चिखलाचा वास आहे. लोक माझ्याशी फार चांगलं वागले. नोएलीन मला मिठी मारून म्हणाली, "तू तुझं काम केलंस. काही माणसं ऐकतच नाहीत." चार-पाच जणांनी हेच सांगितलं. दर वेळी मी मान डोलावली. शनिवारी हॉलमध्ये सभा आहे. नगरपालिकेची बाई येणार, माझ्या बातमीने किती घरं वाचली ते सांगणार आणि मला मानपत्र देणार. टेगनही येतेय. ग्लेनिस म्हणाली, "तू घेणार आहेस ते?" मी म्हटलं, नाही म्हणणं वाईट दिसेल.

४ मार्च

टेगनचा निरोप होता: बाबा, पेपरबार्कचं जुनं पान बंद करून टाक, उगाच कुणी तिथे जाऊन अडकायला नको. सभेपूर्वी तेवढं उरकावं म्हणून उघडलं. सगळ्यात वर अजून माझा तो दहा तारखेचा लेख. पूल सव्वा मीटर, नदी शांत, निवांत राहा. त्याच्याखाली प्रतिक्रिया होत्या, सगळ्या एकाच नावाच्या. उतरवून घेतो, कारण वाचून माझा विश्वास बसत नाही.

चौदा तारखेची: "ऑब्री पोरा, त्या इमेलांचा ढीग मी केराच्या डब्यात टाकला. टॅबलेटने विचारलं, पुढच्याही तिकडेच टाकू का, म्हटलं टाक. मी आपली इथेच येत जाईन. दुकानात जरा जास्तच बोलले. ये चहाला."

एकवीसची: "फार कोसळतोय रे. येऊन बघितलं, तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे पूल हलला नाही. बरं झालं. या पायाने मेंढ्या परत वर न्यायला नकोत. मघाशी फोन वाजत होता, उठेपर्यंत थांबला."

बावीसची, सकाळची: "पाणी पहिल्या पायरीला. तुझं सव्वा मीटरच आहे, तेव्हा नालाच असणार. दुपारी जाईल."

त्यानंतरची: "तिसऱ्या पायरीला आलं. नाला एवढा कधी येत नाही. पण नदी असती तर तू लिहिलं असतंस. पुन्हा पुलावर जाऊन बघ ना पोरा. मी टॅबलेट घेऊन बसलेय."

पुढे काही नाही.

खाली तो कोपऱ्यातला चौकोन होता, 'पान कायमचं बंद करा.' माझा हात तिथपर्यंत गेला. हे लिहून ठेवायलाच हवं. हात गेला होता, आणि कुणाला कधीच कळलं नसतं. मग ग्लेनिसला हाक मारली. ती हात पुसत आली, माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं, पुन्हा वरून वाचलं.

"तुझ्या आकड्यावर बसून राहिली ती," ग्लेनिस म्हणाली. "पाणी डोळ्यांना दिसत असून."

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, इतक्या दिवसांनी.

"शनिवारी त्या बाईच्या हातातून कागद घ्यायच्या आधी हे वाचून दाखव."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. आणि टेगनसमोर."

मी हो म्हटलं. मग एकट्याने मोठ्याने वाचायचा प्रयत्न करून बघितला. चौदा तारखेची वाचता आली. 'ये चहाला'पर्यंत. त्याच्यापुढे वाचता येत नाही. ग्लेनिस म्हणाली, शनिवारला अजून अवकाश आहे, पुन्हा वाच.